न दुखणारी गाठ

शिमग्याच्या आधी मेंढरांची कातरण निघाली, तेव्हा भिवराबाईनं ती गाठ पहिल्यांदा पाहिली.

मेंढरं आदल्या दिवशी नदीत धुऊन आणली होती. उन्हानं वाळून लोकर फुलली होती. उमाजीनं कासोटा वर खोचला होता. एकेक मेंढरू पाडायचं, पाय बांधायचे, धड मांड्यांत दाबायचं आणि कातर चालवायची. त्याचा हात असा चाले की लोकर अंगातून सोलल्यासारखी एका तुकड्यात निघायची. भिवराबाई शेजारी बसून काळी लोकर वेगळी, पांढरी वेगळी करत होती. एका दांडग्या एडक्यानं पाय झाडले आणि त्याचा खूर उमाजीच्या मांडीवर बसला. लागलं का म्हणून तिनं पाहिलं, तर गुडघ्याच्या वर, मांडीच्या आतल्या अंगाला लिंबाएवढा फुगवटा.

"उमाजी, हे काय रं?"

"काय, कुटं?"

"मांडीवं. हे बघ की."

त्यानं मान वाकवून बघितलं आणि पुन्हा कातर उचलली. "आसंल. हानलं आसंल एकांद्या एडक्यानं."

"दुखायलंय का?"

"दुखलं असतं तर मला कळलं नसतं का? दुखत न्हाई, काय न्हाई. सरक, ते पांढरं मेंढरू इकडं वढ."

भिवराबाईनं बोट लावून दाबलं. फुगवटा मऊ नव्हता. खालच्या मांसात रुतून बसलेला, हलवलं तर हलेना. मेंढरांच्या गळ्याला येणाऱ्या गाठी तिनं जन्मभर चाचपल्या होत्या. त्या बोटाखाली सरकत. ही सरकेना. तिला ते आवडलं नाही.

भिवराबाई उमाजीची थोरली बहीण. आई उमाजीला जन्म देऊन गेली, तेव्हा हीच परकर नेसणारी पोर. तिनं त्याला कडेवर वाढवलं, शेळीचं दूध बोळ्यानं पाजलं. पुढं तिचं लग्न झालं. पण रझाकारांच्या धामधुमीत गाव सोडून रानात लपले असताना नवऱ्याला ताप भरला आणि तो तिथंच गेला. मूलबाळ नव्हतं. ती चुडाव्याजवळच्या या आपल्या माहेरच्या गावी परत आली. घरात उमाजी, त्याची बायको कोंडाबाई, दोन लहान मुली. मेंढरं मात्र उमाजीची आणि चुलतभाऊ येडबाची सामाईक. दोघं मिळून राखायचे, दोघं मिळून हिंडायचे.

घरात तिला मान होता. पण मान वेगळा आणि शब्द चालणं वेगळं.

चैतात गाठ पेरूएवढी झाली. भिवराबाईनं पुन्हा विषय काढला. येडबा म्हणाला, डाग देऊ. गावात एक म्हातारा डागण्या द्यायचा. त्यानं विळा तापवला आणि गाठीभोवती चार बाजूंनी चटके दिले. उमाजी दातांत काठी धरून पडून राहिला. चटक्यांचे फोड आले, पिकले, खपल्या धरल्या, पडल्या. गाठ होती तिथंच होती. फक्त आता तिच्याभोवती चार काळे डाग होते.

"दवाखान्यात जा की रं," भिवराबाई म्हणायची.

"जातो. पेरनी होऊ दे."

त्याची स्वतःची जमीन तुकडाभर. पण पेरणीला दुसऱ्याच्या औतामागं जायचा. पेरणी झाली. मग पावसात मेंढरांच्या खुरांना चिखल्या झाल्या. मग कोंडाबाईचा भाऊ आजारी पडला. रोज काहीतरी असायचंच, आणि रोजचं ते खरंही असायचं. म्हणूनच भिवराबाईला भांडता यायचं नाही. खोटं कारण असतं तर तिनं त्याचं नरडं धरलं असतं.

पोळा झाला तेव्हा धोतराखालून गाठ दिसायला लागली. चालताना पाय जरा फेकल्यासारखा पडायचा. बाजाराच्या गावी बन्सीधर नावाचा माणूस दवा द्यायचा. पूर्वी तो कुठल्याशा डॉक्टरकडं कंपौंडर होता. आता स्वतःच दुकानाच्या फळीवर बाटल्या मांडून बसे. सुई टोचायचा, आणि सुई टोचणाऱ्याला त्या मुलखात लोक डॉक्टरच म्हणत. येडबानं बाजाराच्या दिवशी उमाजीला त्याच्याकडं नेलं. भिवराबाई मागं मागं गेली.

बन्सीधरनं गाठ दाबून पाहिली. "आतून पिकलंय. वरून कळत नाही. घाण बाहेर काढली का मोकळं होशील."

"पिकलं असतं तर ठनकलं असतं न्हवं?" भिवराबाई दारातून म्हणाली.

"बाई, दवा मी द्यायलोय का तुमी?"

येडबानं तिला डोळ्यांनी गप्प केलं. बन्सीधरनं उमाजीला बाकावर आडवं केलं, सुरी पाण्यात उकळली आणि चीर दिली. पू आला नाही. रक्त आलं, ते थांबेना, आणि चिरेतून फिकट, माशाच्या मांसासारखं काहीतरी वर आलं. बन्सीधरचा चेहरा उतरला. त्यानं त्यातलं थोडं कापून टाकलं, बोळे कोंबले, पट्टी आवळली.

"पू कुटं हाय?" भिवराबाईनं विचारलं.

"उतरेल आता आपोआप," तो म्हणाला. तिच्याकडं न बघता हात धुवायला गेला, आणि बराच वेळ धूत राहिला.

ती चीर कधी मिटलीच नाही. एका कडेनं भरत आली की दुसऱ्या कडेनं मांस वर यायचं. गाठ जी सहा महिने सावकाश वाढली होती, ती आता घाईला आली. दसरा जवळ आला तसं भिवराबाईनं कोणाला विचारलं नाही. सकाळी भाकरी बांधल्या, उमाजीच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "ऊठ. गाडीला जायचंय."

"आक्का, आज मेंढरं—"

"येडबा बघंल. ऊठ म्हनते ना. का उचलून नेऊ? लहानपनी नेलंय, आता बी नेईन."

उमाजी हसला आणि उठला. चुडाव्याच्या स्टेशनावर येईपर्यंत दोनदा बसला.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर हैदराबादचा होता. वयस्क, तोंडात पान, हात मात्र मऊ. त्यानं पट्टी सोडली आणि पान थुंकून आला. मग गाठ पाहिली, जांघेत बोटं घालून पाहिलं, पाठीला कान लावून उमाजीला श्वास घ्यायला लावला.

"किसने काटा इसको?"

उमाजी सोडलेली पट्टी गुंडाळायला लागला.

"ये फोडा नहीं है, बाई. ये खराब गाठ है. आधी जशी होती तशी आणायची होती, कोई हात नहीं लगाना था." तो असाच अर्धा दखनी, अर्धा मराठी बोलायचा. त्यानं स्टूल ओढून उमाजीच्या समोर घेतलं. "देखो भाई, हैदराबाद को जाव. इसी हफ्ते जाव. मी चिठ्ठी देतो. तिथं पाय काढतील. वरून काढतील, इथून."

उमाजीनं डॉक्टरच्या बोटाकडं पाहिलं. ते त्याच्या कमरेजवळ टेकलं होतं.

"पाय?"

"पाँव जाता तो जाव. आदमी तो रहता. देरी करे तो मग ही गाठ इथं येते." त्यानं उमाजीच्या छातीवर हलकेच टिचकी मारली. "इथं आली की कोणाच्या हातात काही नाही. माझ्या नाही, हैदराबादवाल्याच्या नाही."

परतीच्या गाडीत उमाजी खिडकीला डोकं लावून बसला. रानात कापूस फुटला होता. मग तो म्हणाला, "आक्का, एका पायाचा धनगर बघितलाय का कुटं तू?"

"मेलेल्या धनगराच्या मागं पोरी कशा भीक मागत्यात ते बघितलंय."

त्यानं खिडकीची झडप खाली ओढली.

घरी बैठक बसली. बैठक म्हणजे येडबा, उमाजी आणि भावकीतले दोघं-तिघं ओट्यावर. कोंडाबाई आणि भिवराबाई दाराच्या आत. येडबाचं म्हणणं, डॉक्टर लोक आधी कापायचंच बोलतात. दुसरं म्हणजे दिवाळी झाली की निघायचं होतं. गंगेकाठच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, शेतकऱ्यांना त्यानं शब्द दिला होता. त्यांच्या रानात मेंढरं बसवायची होती, खत पडायचं होतं. एवढा कळप एकट्यानं कसा न्यायचा?

"शिमग्याला माघारी येऊ, मग जाऊ हैदराबादला. चार महिन्यांत काय हुतंय? इतके महिने काय झालं न्हाई."

भिवराबाई दारातून बाहेर आली. "मी जाते मेंढरांमागं. तू आन मी जाऊ, येडबा. ह्याला कोंडाबाईसंगं हैदराबादला धाडा."

ओट्यावरचे सगळे हसले. येडबा म्हणाला, "आन लांडगा आला म्हंजे? लुगडं दाखवशील का त्याला?"

हसणं वाढलं. उमाजीसुद्धा हसला, आणि तेच तिला लागलं. आत कोंडाबाई चुलीपाशी पदरानं डोळे पुसत होती. भिवराबाई तिच्याजवळ बसली.

"तू तरी बोल की ग त्याला. तुजा नवरा हाय."

"काय बोलू, आक्का? पाय कापा म्हनू? कोनत्या तोंडानं म्हनू?" कोंडाबाई म्हणाली. "आन जखम भरायलीय जराशी. सकाळीच बघितली मी."

भिवराबाईनंही सकाळी बघितली होती. भरत नव्हती.

दिवाळीनंतर बिऱ्हाड निघालं. घोड्यावर भांडी, घोंगड्या, दोन पोरी, नुकती जन्मलेली कोकरं. मागं मेंढरं. पहिले काही दिवस उमाजी चालला. मग काठी काखेत घेऊन चालला. गंगेकाठी पोचेस्तोवर तो घोड्यावर बसायला लागला आणि कोकरं भिवराबाईच्या ओच्यात आली.

धनगर घोड्यावर बसून मेंढरांमागं जातो, हे वाटेतली माणसं थांबून बघायची. एका गावच्या पाटलानं विचारलंही, "काय रं, मेंढरं सोडून वरात निघाली का कुनाची?" उमाजी खाली उतरला आणि पुढच्या शिवारापर्यंत पाय ओढत गेला. रात्री पट्टी सोडली तेव्हा ती रक्तानं चिंब होती.

पौषात चारा आटला की बाभळीच्या फांद्या तोडून मेंढरांना घालाव्या लागतात. येडबा दुसऱ्या अंगाला गेला होता. मेंढरं ओरडत होती. उमाजीनं कुऱ्हाड कमरेला खोवली आणि बाभळीवर चढायला लागला. भिवराबाईनं पाहिलं तेव्हा तो पहिल्या बेचक्यापर्यंत पोचला होता. ती ओरडली नाही, ओरडलं तर तो पडेल म्हणून. तरी तो पडलाच. गाठीचा पाय बेचक्यात टेकवला आणि पायानं साथच दिली नाही. धुळीत आडवा पडून तो आभाळाकडं बघत राहिला. अंगावर शेंगा पडल्या होत्या. त्या खायला मेंढरं त्याच्याभोवती गोळा झाली, एक मेंढरू तर त्याच्या छातीवर तोंड ठेवून शेंग चघळत उभं राहिलं.

भिवराबाई धावत आली. तो रडत होता. तिनं त्याला लहानपणानंतर रडताना पाहिलं नव्हतं.

"आक्का," तो म्हणाला, "हे आता मपलं काम न्हाई राहिलं."

"चल उद्याच. हैदराबादला चल."

"येडबा एकला—"

"येडबाचं मढं जाऊ दे!"

पण उद्या निघता आलं नाही. तिथून रेल्वे लांब होती, घोडा एकच होता आणि बिऱ्हाड त्याच्यावर होतं. येडबानं सगळं ऐकून घेतलं, आणि यावेळी हसला नाही. चार रानं सोडून देऊ, लवकर परतू, एवढं कबूल केलं. लवकर म्हणता म्हणता माघ सरला. वाटेत उमाजीला खोकला लागला. धुळीचा असेल, म्हणाले सगळे.

गावी आल्याबरोबर ती त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. खुर्चीत पान खाणारा डॉक्टर नव्हता. चष्मेवाला, कोवळा, पुण्याकडचा डॉक्टर होता.

"ते पहिलं डॉक्टर कुटं हायत?"

"त्यांची बदली झाली. आपला मुलूख आता मुंबई राज्यात आला ना बाई, ते तिकडं आंध्रात गेले."

तिनं ओच्यातून जुनी चिठ्ठी काढून दिली. त्यानं वाचून परत दिली, उमाजीची मांडी उघडून पाहिली आणि त्याचा चेहरा वासानं आक्रसला. गाठ आता नारळाएवढी होती, वरून फुटलेली.

"इतके दिवस काय करत होतात तुम्ही?"

असं विचारल्यावर काय सांगायचं असतं? पेरणी, चिखल्या, गंगेकाठ, येडबा. भिवराबाई म्हणाली, "चुकलं बाबा. आता सांग. हैदराबादची नवी चिठ्ठी दे."

"हैदराबादची मला देता येत नाही. ते परराज्य झालं. आता आपले रोगी इकडं, वरच्या शहराला जातात. तिथली देतो." तो मनापासून म्हणत होता. त्यात त्याची लबाडी नव्हती, आणि तिला राग काढायला पुन्हा माणूस सापडला नाही.

ती उमाजीला उलट्या दिशेच्या गाडीत घालून त्या शहराला घेऊन गेली. तिथल्या दवाखान्याच्या पडवीत त्यांनी दिवस काढले. आज मोठे डॉक्टर दौऱ्यावर आहेत. आज आले, पण खाट रिकामी नाही. आज खाट झाली, पण छातीचा फोटो काढायचं यंत्र बंद आहे. एक शिपाई वासापायी त्यांना पडवीच्या टोकाला सरकवायचा, मग आणखी पलीकडं, शेवटी लिंबाच्या झाडाखाली. तिथं उमाजी गप पडून राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघायचा. शेवटी कोणीतरी बाहेर येऊन सांगितलं, असलं ऑपरेशन इथं होत नाही, मुंबईला न्या.

"मुंबई कुनीकडं हाय?" भिवराबाईनं विचारलं.

सांगणाऱ्यानं हात लांब केला. तिनं त्या हाताच्या दिशेला पाहिलं. मग ती झाडाखाली आली आणि गाठोडं बांधायला लागली.

"कुटं, आक्का?"

"हैदराबादला."

"ते परराज्य झालं म्हनत्यात न्हवं?"

"त्यांचं राज बदललंय. रूळ तेच हायत ना?"

हैदराबादच्या दवाखान्यात तिची जुनी चिठ्ठी चालली. कोणी राज्याचं विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगायचं, ते तिनं गाडीत घोकून ठेवलं होतं. ते वाया गेलं. त्यांनी उमाजीला लगेच आत घेतलं, जखम धुतली, छातीचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी उंच, टक्कल पडलेला डॉक्टर खाटेपाशी आला.

तो काही बोलायच्या आधीच उमाजी कोपरांवर उठून बसला. वाटेनं गाडीत त्यानं मनाची तयारी केली होती. भिवराबाईला तोवर माहीत नव्हतं.

"काढा सायेब," तो म्हणाला. "वरून काढा. आगदी हितून. मी रडनार न्हाई. दोन पोरी हायत मला. बसून घोंगड्या इनीन मी, हात चांगले हायत मपले." आणि त्यानं दोन्ही हात पुढं करून दाखवले.

डॉक्टरनं ते हात पाहिले. मग हळूच खाली केले. फोटो उजेडाला धरून भिवराबाईला दाखवला. काळ्या छातीत जागोजाग पांढरे गोळे, बोराएवढे, कुठं आवळ्याएवढे. गाठ छातीत पोचली होती. खोकला धुळीचा नव्हता.

"अब पाँव काटके फायदा नहीं, बाई. उलट त्रास."

"काढा की वो!" उमाजीनं डॉक्टरचा कोट धरला. "मी हो म्हनायलोय ना! तवा न्हाई म्हनालो, ते चुकलं. आता हो म्हनायलोय. काढा!"

शेजारच्या खाटेवरची माणसं बघायला लागली. डॉक्टरनं कोट सोडवून घेतला नाही. तो तसाच वाकून उभा राहिला, उमाजीची पकड आपोआप ढिली होईपर्यंत.

बाहेर ओवरीत भिवराबाईनं त्याला गाठलं. "दसऱ्याला आनलं असतं तर?"

डॉक्टर बाजूनं पुढं जायला लागला. ती वाटेतून हटेना.

"शायद बचता," तो म्हणाला. "अल्ला जाने. पण फोडा समजून कापला नसता, आणि तेव्हाच आले असते, तर... शायद."

गावी आल्यावर उमाजी आषाढापर्यंत जगला. आडवं पडलं की श्वास कोंडायचा, म्हणून लोकरीच्या गाठोड्यांना टेकवून त्याला बसवत. कोंडाबाई त्याच्यासमोर बसून घोंगडीचं सूत कातायची. एकदा त्यानं चाती हातात मागून घेतली, कातायला लागला. दोन हातही धागा निघाला नाही तोच दम लागला. एका दुपारी पोरी अंगणात खेळत होत्या, भिवराबाई त्याला ताक पाजत होती. त्यानं एक घोट घेतला, दुसरा घेतला नाही.

माणसं भेटायला येत. नशिबात होतं, म्हणत. येडबा तर कपाळावर हात मारून घ्यायचा, "नशीब, आक्का, नशीब!" पहिल्यांदा ती गप राहिली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिनं हातातलं पाण्याचं भांडं खाली आपटलं.

"नशिबाला काऊन नावं ठिवायलास? नशिबानं दिलं व्हतं की वरीसभर. लिंबाएवढी व्हती तवापासून दिलं व्हतं."

येडबा उठून गेला. बरेच दिवस तो घरी आला नाही. मेंढरं राखायचा, आपल्या झोपडीत जेवायचा. उमाजीच्या वाटणीची मेंढरंही तोच राखायचा. दुधाचं गाडगं सकाळी उंबऱ्याबाहेर ठेवून जायचा. भिवराबाई ते आत घ्यायची. हाक मारायची नाही.

दिवाळीच्या तोंडावर मेंढ्या व्यायला लागल्या. धनगराच्या घरी हे दिवस म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नाही. कुठं कोकरू आडवं आलेलं, कुठं मेंढी पान्हा चोरते. भिवराबाई मेंढवाड्यात गुडघे टेकून एका ओल्या कोकराचं तोंड पुसत होती. येडबा समोर येऊन उभा राहिला. हातावर घोंगडी घेतली होती, ऊन असूनही.

"आक्का."

तिनं मान वर केली नाही.

"हे बघ की जरा." त्यानं घोंगडी बाजूला केली. दंडाच्या मागच्या अंगाला, खांद्याच्या खाली, सुपारीपेक्षा मोठा फुगवटा होता.

"कवापासून हाय?"

"दसऱ्याला आंग धुताना हे हाताला लागलं."

"दुखायलंय?"

"न्हाई," येडबा म्हणाला, आणि तो धिप्पाड माणूस तिच्यासमोर खाली बसला. "दुखत न्हाई, आक्का."

तिनं कोकरू मेंढीच्या तोंडाशी ठेवलं. लुगड्याला हात पुसले. कोंडाबाईला हाक मारली, "मेंढरं बघ ग. आमी स्टेशनावं जायलाव."

"आत्ता? आक्का, तिकडं दोन मेंढ्या अडल्यात—"

"मरू दे."

ती चालायलाही लागली. येडबा मागून. गाडीत तो पोत्यासारखा बसला होता.

पुण्याकडच्या डॉक्टरनं तिला ओळखलं. तो जरा सावरून बसला. त्यानं येडबाचा दंड उजेडाला नेला. चिमटीत गाठ धरली, इकडं सरकवली, तिकडं सरकवली. पुन्हा दाबली. मग हसला.

"चरबी आहे. साधी चरबीची गाठ. काही करायचं नाही. वाढली, रुतून बसली, तर या."

"चाकू लावू नका म्हंजे?" येडबानं विचारलं.

"काहीच नाही. जा घरी."

"पुन्हा येकदा बघा," भिवराबाई म्हणाली.

"बाई, बघितलं मी."

"बघितलं ते खरं. पुन्हा बघा." रांगेतले लोक कुरकुरले. कोणीतरी म्हणालं, म्हातारीला दवाखान्याची हौस दिसते. ती टेबलापासून हलली नाही. डॉक्टरनं चष्मा वर केला, तिच्याकडं क्षणभर पाहिलं आणि पुन्हा एकदा, यावेळी सावकाश, येडबाचा दंड चाचपला. काखेतही पाहिलं.

"चरबीच आहे," तो हळू आवाजात म्हणाला.

बाहेर आल्यावर येडबाच्या अंगात वारं शिरलं. तो बोलत सुटला. रात्रीपासून पाणी गोड लागत नव्हतं, म्हणाला. चहा पिऊ, म्हणाला. पोरींना शेव-चिवडा घेऊ, म्हणाला. भिवराबाई पुढं चालत राहिली. तिला त्याच्या आनंदाचा राग येत होता, आणि त्या रागाची तिलाच लाज वाटत होती. ह्याची सरकली. त्याची का नाही सरकली? दोघं एका आज्याचे नातू. एकाच रानात वाढलेले, एकाच ताटात जेवलेले.

चुडाव्याला उतरून ते वाटेला लागले तेव्हा ऊन कलतीला आलं होतं. येडबा जरा शांत झाला होता. मेंढवाड्यात दोन मेंढ्या अडल्या होत्या, त्याची त्याला आठवण झाली असावी.

"आक्का," तो मागून म्हणाला, "वेतं चालल्यात घरी. आन उगंच खेटा पडला बघ आजचा."

भिवराबाई थांबली. तो अंगाशी येईपर्यंत थांबली.

"पडू दे," ती म्हणाली. "आसे उगंचचे खेटे लय पडाया पायजे व्हते, येडबा."

आणि ती पुढं निघाली. येडबा थोडा वेळ वाटेतच उभा राहिला. मग तिला गाठायला त्याला पळावं लागलं.